किनाऱ्यावरून डाइव्ह: बेटावर सुट्टीला निघालेल्या पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची आणि मे महिन्याची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्याकडे किनाऱ्यावरून करायच्या स्कूबा डाइव्हबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात, प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढं पुढं तिरके होत जातात. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून मधे मधे "अमुक नंबर बघा" असं म्हटलंय, तर तो नंबर खरंच बघा, लगेच फोन लावू नका.

१. शोअर डाइव्ह म्हणजे नक्की काय? बोटीवरून उडी मारण्यापेक्षा सोपा का अवघड?

किनाऱ्यावरच हवेचा टँक पाठीला लावायचा, चालत पाण्यात शिरायचं, खाली फिरायचं आणि चालतच बाहेर यायचं. बोट नाही म्हणून स्वस्त पडतो, वेळ आपल्या हातात राहते आणि बोट लागून उलट्या होत नाहीत. पण बोटीवर "आज नाही जायचं" म्हणणारा एक माणूस असतो आणि तुम्ही भलतीकडेच वर आलात तर बोट तुम्हाला घ्यायला येते, किनाऱ्यावरून गेलात की ही दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात. खाली दहा मीटरवर गेल्यावर फरक काहीच नाही. सगळी कटकट पहिल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कमरेएवढ्या पाण्यात असते, त्यामुळे इथली निम्मी उत्तरं त्या कमरेएवढ्या पाण्याबद्दलच आहेत.

२. माझा कोर्स झालेला नाही, पण मालवणला एकदा स्कूबा केलंय. चालेल ना?

इंस्ट्रक्टरचा हात धरून चालेल, स्वतःच्या प्लॅनिंगनं नाही. मालवणला जे होतं त्यात तुम्हाला धरून खाली नेतात, फोटो काढतात आणि वर आणतात. मजा येते, पण हवा किती उरली, दिशा कुठली, वर कधी यायचं यातलं काहीही तुम्ही ठरवलेलं नसतं. ओपन वॉटर कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, वयाच्या दहाव्या वर्षापासून करता येतो आणि त्यावर मोठ्यांना १८ मीटरपर्यंत जाता येतं. पोहता यायला हवं, २०० मीटर न थांबता आणि मग दहा मिनिटं तरंगत राहणं, स्पीड कुणी बघत नाही. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिथं ट्रेनिंगसाठी खोल पूल आहे, म्हणजे शिकायला थेट परदेशातच जायला पाहिजे असं काही नाही. पुढची सगळी उत्तरं कोर्स झालेल्यांसाठी आहेत.

३. अंदमान, बाली, मालदीव की ते बोनेर? पहिल्यांदा कुठं जावं?

आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा बाली नाहीतर अंदमान.

बालीत ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारलेलं लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज कसंबसं ओढत आणून तिथं किनाऱ्याला लावलं होतं, ते वीसेक वर्षं तसंच पडून होतं आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक मीटरवर, साधारण पाच ते तीस मीटर खोलीत आडवं पडलंय, म्हणजे एवढं मोठं जहाज बघायला बोटच लागत नाही. टँक तिथल्या बायका डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत आणून देतात, एका वेळी दोन-दोन, आपल्याला एक पाठीवर घेऊन चालताना धाप लागते तेव्हा त्यांच्याकडे बघून लाज वाटते. त्यांना पैसे देताना घासाघीस करू नका.

अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, नीमो रीफ (रीफ म्हणजे कोरलचा, प्रवाळाचा पट्टा) आहे. उथळ, वाळूतून आत जायचं, पहिल्या शोअर डाइव्हला एकदम योग्य, फक्त भरती बघून जायला लागतं (नंबर ५). पासपोर्टची भानगड नाही. पण विमानानंतर फेरी आहे, आणि वारं सुटलं की फेरी रद्द होते, त्यामुळे परतीच्या विमानाआधीचा दिवस मोकळा ठेवा. तसाही तो लागणारच आहे, का ते नंबर १४ मध्ये.

मालदीवला रिसॉर्टची हाऊस रीफ म्हणजे शोअर डाइव्हच, रूममधून निघून जेटीवरून थेट पाण्यात. सोय भरपूर, खर्चही तसाच. तिथं ३० मीटरच्या खाली जायला कायद्यानंच बंदी आहे आणि बेटांमधल्या चॅनलना करंट जबरदस्त असतो, म्हणून हाऊस रीफ सोडून स्वतःच्या मनानं भटकू नका.

बोनेर कॅरिबियनमधलं डच बेट. शोअर डाइव्हची पंढरी म्हणतात ते खरंय, रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर साइटचं नाव लिहिलेलं, पिकअप थांबवायची, टँक लावायचा, आत जायचं. १९७९ पासून सगळा भवतालचा समुद्र संरक्षित आहे, आधी फी भरून पाण्याची ओळख म्हणून एक डाइव्ह करावा लागतो, हातमोजे घालायला बंदी. आणि एक गंमत म्हणजे गाडीत काहीही ठेवायचं नाही, चोऱ्या होतात म्हणून लोक काचा खाली करूनच आत जातात. पण पुण्यातून पोचायला दोन दिवस आणि यायला दोन. पंधरा दिवसांची रजा असेल तरच विचार करा.

४. सुट्टी दिवाळीत किंवा मे महिन्यातच मिळते. समुद्र कसा असेल?

दिवाळीत अंदमानला थोडी रिस्क आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा तोच काळ. जमलं तर जानेवारी ते एप्रिल. मे महिन्याचा पहिला पंधरवडा ठीक, शेवटचा नाही, मान्सून तिथं आपल्या बराच आधी पोचतो.

बालीत आपल्या उलट, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, म्हणजे मे महिन्याची सुट्टी तिथं फुकट जात नाही. मात्र पाडव्याच्या सुट्टीला जाणार असाल तर न्येपी बघून तिकीट काढा. न्येपी म्हणजे तिथला शक संवत्सराचा पहिला दिवस, २४ तास एअरपोर्ट बंद, रस्त्यावर कुणी नाही, हॉटेलबाहेर पडायचं नाही, डाइव्ह तर सोडाच. बऱ्याचदा तो आपल्या पाडव्यालाच किंवा एखादा दिवस अलीकडे येतो, २०२३ ला दोन्ही २२ मार्चलाच होते, पण दरवर्षी तसं नसतं, २०२४ ला न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता. शकावरून अंदाज बांधू नका, तारीख बघा.

५. भरती-ओहोटी घरबसल्या कशी काढायची? आजोबा तिथीवरून सांगायचे, तसं चालेल?

अर्धं चालेल. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला, कारण भरती रोज साधारण ४८ मिनिटं पुढं सरकते. हा हिशोब मुंबई-रत्नागिरीकडं बऱ्यापैकी जमतो. पण अमावास्येला भरती बाराला येते हे तिकडच्या किनाऱ्याचं गणित आहे, अंदमानात किंवा बालीत चंद्र तोच असला तरी पाणी वेगळ्या वेळेला चढतं, त्यामुळे वेळेसाठी त्या त्या बंदराचं भरतीचं टेबलच बघायचं.

तिथीचा जो अर्धा भाग सगळीकडं लागू पडतो तो म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, करंटही जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी सुस्त. तेव्हा सुट्टीच्या तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि डाइव्हचे दिवस सप्तमी ते दशमीच्या आसपास येतील असं बघा, निदान पहिल्या ट्रिपला तरी.

अंदमानात हे फार महत्त्वाचं आहे, कारण पूर्ण ओहोटीला नीमो रीफकडं जाताना पाणी गुडघ्याच्याही खाली असतं आणि टँक घेऊन कोरल-दगडांवरून लांबपर्यंत चालत जावं लागतं, पायही सोलतात आणि कोरलही तुटतं. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी आत जायचं, म्हणजे बाहेर येतानाही पाणी असतं. बोनेरला हे सगळं विसरून जा, तिथं भरती-ओहोटीत फूटभरच फरक पडतो.

अजून एक, अंदमान आपल्या खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारालाच सूर्य बुडतो. "चहा पिऊन साडेचारला जाऊ" असा पुण्याच्या हिशोबानं प्लॅन केला तर तो नाइट डाइव्ह होतो.

६. समुद्र आज ठीक आहे का नाही हे किनाऱ्यावर उभं राहून कसं कळणार?

उभं राहून नाही, बसून. गियर बॅगेतच राहू द्या आणि वीस मिनिटं नुसतं पाण्याकडं बघा. हे कुणालाच करायचं नसतं, सगळ्यांना घाई असते, पण आख्ख्या प्लॅनिंगमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

लाटा एकसारख्या येत नाहीत, घोळक्यानं येतात. बराच वेळ लहान लहान येतील आणि मग चार-पाच मोठ्या एकामागून एक, की परत शांत. मोठा घोळका संपल्यापासून पुढचा येईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळावर मोजा, दोन-तीन वेळा. तेवढाच वेळ तुमच्या हातात आहे आत जायला. तो दोन मिनिटांपेक्षा कमी असेल आणि फुटणाऱ्या लाटा कमरेच्या वर असतील तर नवीन माणसानं जाऊ नये, चर्चा नको.

मग फेस कुठं जातोय ते बघा. दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधेच एक शांत, गुळगुळीत, जरा गढूळ पट्टा दिसतोय, तिथून आत जायचा मोह होतो कारण तिथं लाटच नाही. तिथूनच पाणी समुद्राकडं परत ओढलं जात असतं, रिप करंट म्हणतात तो. आत जायला सोपा, बाहेर यायला अजिबात नाही. एखादं पान किंवा नारळाची करवंटी टाकून ती किनाऱ्याला समांतर कुठल्या दिशेला आणि किती वेगात वाहत जाते तेही बघा, त्यावर नंबर ९ अवलंबून आहे.

ॲपवर लाटेची उंची दिसते, पण तिच्या शेजारी जे सेकंद लिहिलेले असतात ते जास्त महत्त्वाचे. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर नुसती खळबळ, तीच चौदा सेकंदांची असेल तर लांबून आलेली, पोटात ताकद घेऊन आलेली, किनाऱ्यावर आपटते तेव्हा कळतं.

तुलांबेनला डोळ्यांबरोबर कानही वापरा. तिथं वाळू नाही, काळे गोल गोटे आहेत, लाट मागं जाताना ते एकमेकांवर घासत खडखडतात. बारीक कुरकुर असेल तर ठीक, मोठे दगड गडगडत खाली जाताना ऐकू येत असतील तर तुमचे घोटे त्याच दगडांमध्ये असणार आहेत हे लक्षात घ्या, कॉफी प्या आणि दुपारी परत बघा. तिथं सकाळ बहुतेक वेळा जास्त शांत असते.

७. आत जाताना फिन्स (पायात घालायची पोहण्याची वल्ही) कधी घालायच्या? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण प्रत्येक किनाऱ्याला वेगळं उत्तर आहे. पाणी शांत असेल तर फिन्स हातात, छातीएवढ्या पाण्यापर्यंत चालायचं, बडीच्या, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराच्या, खांद्याला धरून एक एक पाय. वाळूवर लाट फुटत असेल तर कडेलाच घालायच्या आणि पाठमोरं, मान वळवून लाटेकडं बघत आत जायचं, पाय उचलून न टाकता घासत, म्हणजे वाळूत स्टिंग रे लपला असेल तर तो आधीच निघून जातो. गोट्यांवर मात्र फिन्स घालून चालायचा प्रयत्न करू नका, ओल्या बटाट्यांच्या ढिगावर चालल्यासारखं होतं. बूट घालून, बडीचा हात धरून, शांत वेळ गाठून भरभर आत, पाणी मांडीला लागलं की सरळ आडवं पडायचं आणि तरंगत फिन्स घालायच्या.

तिन्हीकडं कॉमन गोष्ट म्हणजे पाय पाण्यात पडण्याआधी मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा तो) तोंडात, बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटमध्ये) थोडी हवा. कपाळावर ठेवलेला मास्क पहिल्या लाटेत जातो. आणि लाट जिथं फुटते तिथं थांबायचं नाही, पट्टा सुटला, मास्क पाण्यानं भरला, काहीही झालं तरी आधी पलीकडं जायचं, मग दुरुस्त्या.

८. आणि बाहेर यायचं कसं?

खरं तर हा प्रश्न आधी यायला हवा होता, कारण आत कुठून जायचं ते बाहेर कुठून येणार यावर ठरतं. किनाऱ्यावर असतानाच दोन जागा ठरवा, एक नेहमीची आणि एक ती बंद पडली तर. दुसरी जागा म्हणजे थोडं पुढं वळण घेतलेला किनारा, एखादी जेटी, काहीही, पण चालत जाऊन बघून आलेली. दोन्हीकडं पाण्यातून दिसेल अशी मोठी खूण लक्षात ठेवा, झाड, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर. लाल छत्री ही खूण नाही, छत्र्या बंद होतात.

डाइव्ह संपल्यावर फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबा. परत तेच, घोळका मोजायचा. शेवटची मोठी लाट पुढं गेली की तिच्या पाठीमागून जोरात किक मारत निघायचं. रेग्युलेटर तोंडातच, अगदी गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत. लवकर उभं राहण्याचा मोह आवरा, २५ किलोचं ओझं घेऊन उभा राहिलेला माणूस मागून आलेल्या लाटेनं पुढं आपटतो. पडलात तर उठू नका, हातापायांवर रांगत या, फोटो घाण येईल पण गुडघे राहतील.

९. खाली गेल्यावर रस्ता चुकू नये म्हणून काय करता?

किनाऱ्यावरून कंपास सेट करून आत जातो, म्हणजे परतीची दिशा बरोबर उलटी. सुरुवातीला करंटच्या विरुद्ध पोहायचं, दमल्यावर परतताना करंट आपल्याला घेऊन येतो, हे उलटं केलं की डाइव्ह संपतो भलत्याच बीचवर. उतार असेल तर सोपं, जाताना रीफ डाव्या हाताला ठेवली तर येताना उजव्या. वाळूतल्या रेघाही बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला समांतर असतात. एवढं करून चुकलातच तर उगाच खाली शोधत हवा घालवू नका, सावकाश वर या, खूण बघा आणि स्नॉर्कलवर पोहत या. फुगवायची नळी, म्हणजे एसएमबी, आणि शिट्टी दोघांकडंही हवी, बोटी तुम्हाला शोधत नसतात, पण बोटी असतात.

१०. हवा किती ठेवून परत फिरायचं? बोटीवर ५० बारला (टँकमधल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात) वर या सांगतात.

किनाऱ्यावरून जाताना आम्ही पाण्याबाहेर पडताना ७० बार हवेत असं धरतो, कारण लाटांमध्ये रेग्युलेटरवरच श्वास घ्यायचाय आणि पहिली जागा बंद असेल तर दुसरीकडं जायचंय (नंबर ८). हिशोब असा. नेहमीचा ॲल्युमिनियमचा टँक ११ लिटरचा, २०० बारला साधारण २२०० लिटर हवा. नवीन माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा, दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लिटर, म्हणजे मिनिटाला साडेतीन-पावणेचार बार. २०० मधून ७० गेले, उरले १३०, अर्धे जायला अर्धे यायला, म्हणजे १३५ ला परत फिरायचं. वीस मीटरवर तीच हवा दीडपट वेगानं संपते. दोघांपैकी ज्याची आधी १३५ होईल त्याच्या हवेवर दोघंही फिरतात, "माझी अजून आहे" हे वाक्य चालत नाही.

११. पुण्यातून काय न्यायचं आणि काय तिकडं भाड्यानं घ्यायचं?

मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा, मनगटावरचा) स्वतःचा. त्यानंतर पैसे खर्च करायचे असतील तर जाड तळव्याचे बूट, शोअर डाइव्हला त्यांच्याइतकं कामाचं काही नाही, कारण सी अर्चिन पातळ मोज्यांतून आरपार काटा घालतं. फिन्स पट्ट्याच्या घ्या, म्हणजे बुटांवर चढतात. पाणी बहुतेक वेळा २६ ते २९ डिग्री असतं, ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. बीसीडी, टँक, वजनं तिकडं घ्या, देशातल्या विमानात १५ किलोत हे बसवायच्या फंदात पडू नका. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, चाकू चेक-इनमध्ये, उलटं केलं तर दोन्हीकडं अडवतात. स्वतःचा रेग्युलेटर नेत असाल तर तो डिन आहे का योक (टँकला जोडायच्या दोन पद्धती) ते आधी कळवा.

१२. पूलमध्ये मला दोनच किलो लागत होते, तिकडं चार का देतायत?

खारं पाणी जास्त उचलतं आणि वेटसूटही उचलतो. पूलपेक्षा दोन-तीन किलो जास्त लागणं अगदी नॉर्मल. टँक रिकामा होत आला की ॲल्युमिनियमचा टँकही हलका होतो, शोअर डाइव्हचा शेवट उथळ पाण्यात असतो आणि नेमकं तिथंच माणूस बुचासारखा वर येतो. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात, ५० बारला, तीन मीटरवर स्थिर राहता येतंय का ते बघा.

१३. सर्दी आहे, पण पैसे भरलेत. गोळी घेऊन जाऊ का?

नको. जाताना कान मोकळे झाले तरी गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि वर न येण्याचा पर्याय नसतो. दमा, फिट्स, हृदयाचं काही, नुकतंच ऑपरेशन, यातलं काही असेल तर पुण्यातच डॉक्टरांकडून फॉर्मवर सही घ्या, तिथं जाऊन खोटं "नाही" लिहू नका.

१४. शेवटचा डाइव्ह आणि विमान यात किती वेळ?

एकच डाइव्ह असेल तर कमीत कमी १२ तास, रोज डाइव्ह किंवा एका दिवसात दोन असतील तर १८, डिकंप्रेशनचा (वर येताना मधेच सक्तीचा) थांबा घ्यावा लागला असेल तर त्याहून बरंच जास्त. आम्ही सरळ २४ धरतो, हिशोब करायला लागत नाही. शोअर डाइव्ह उथळ होता म्हणून कमी चालेल का, असं विचारतात. नाही चालणार.

१५. विमान नाही, गाडीनंच परत यायचंय. मालवणहून पुण्याला त्याच दिवशी निघालो तर?

हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात, विचारायला सगळ्यांनी हवा. विमानाचा प्रॉब्लेम विमान नसून उंची आहे. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे, पुणंच ५६० वर. विमानाचे नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लावतात, म्हणजे आंबोलीतून आलात तर तुम्ही त्या रेषेच्या वर जाऊन येता. मालवणचा उथळ, पंधरा-वीस मिनिटांचा एकच डाइव्ह असेल तर धोका कमी, पण दोन दिवस रोज दोन-दोन डाइव्ह करून दुपारी घाट चढायला लागू नका. शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी, संध्याकाळी सोलकढी, घाट दुसऱ्या दिवशी.

बालीत हीच चूक जास्त महागात पडते. तुलांबेनला डाइव्ह झाला की ड्रायव्हर म्हणतो परतताना किंतामणीला जेवू, ती कडा १५०० मीटरच्या आसपास आहे. पहाटेचा बातूरचा ट्रेक १७०० च्या वर जातो, बेसाकीचं देऊळही बरंच उंचावर. ट्रेक आणि देवळं आधी, डाइव्ह नंतर, आणि परतताना किनाऱ्याचा रस्ता.

१६. काही झालंच तर?

वर आल्यावर सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं, विचित्र थकवा, अंगावर चट्टे, चक्कर, यातलं काहीही झालं तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका. ऑक्सिजन द्या, झोपवून ठेवा, डाइव्ह शॉपला आणि इन्शुरन्सच्या इमर्जन्सी नंबरला लगेच फोन. नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा बहुतेक वेळा धरलेलं नसतं, बारीक अक्षरं वाचा किंवा डाइव्हिंगचा वेगळा घ्या. बालीत या उपचाराचं प्रेशर चेंबर देनपसारला आहे, तुलांबेनहून गाडीनं अडीच-तीन तास, हे बुकिंग करतानाच डोक्यात असू द्या.

दगडमासा किंवा लायनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ डिग्रीच्या आत, पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. दुखऱ्या पायाला पाणी किती गरम आहे ते नीट कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं.

१७. अंदमानात मगरी असतात हे खरं का?

खरंय. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये राधानगर बीचच्या शेजारच्या खाडीत स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक बाईंचा जीव गेला होता. खारफुटीजवळ, खाडीच्या तोंडाशी, संधिप्रकाशात पाण्यात उतरू नका, पाटी असेल तर ती वाचा आणि गाववाले नको म्हणाले तर वाद घालू नका. या एका कारणासाठी तरी अंदमानात शॉपच्या माणसाशिवाय नवी जागा शोधायला जायचं नाही. बाकी ठिकाणीही पहिला डाइव्ह गाइडबरोबरच, पैसे वाचवायचे तर दुसऱ्या दिवसापासून.

१८. बायको आणि मुलं डाइव्ह करत नाहीत, ती किनाऱ्यावर काय करतील?

बसतील, वाळूत खेळतील, आणि जमलं तर तुमचा सगळ्यात मोठा बॅकअप बनतील. आत जाताना त्यांना परतायची वेळ सांगा, समजा दहा वाजता गेलात तर अकरा, आणि सव्वाअकरापर्यंत दिसला नाहीत तर कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून द्या, मोबाइल लॉक असतो. मात्र ही वेळ तुम्हीही पाळा. आणि तीन डाइव्ह रोज असा प्लॅन करून "फॅमिली ट्रिप" म्हणू नका, सकाळचा एक पुरे, दुपार त्यांची.

१९. मेलेल्या कोरलचा तुकडा किंवा शंख आठवण म्हणून आणला तर?

अंदमानातून अजिबात नाही. कोरल वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहे, काही शंखही, आणि मेलेलं, वाळूत सापडलेलं असली कारणं चालत नाहीत. सुंदर नक्षीचा कोन शंख तर जिवंत असताना हातात घेणंच धोक्याचं, तो विषारी काटा मारतो.

२०. जायच्या आधी खडकवासल्यात एकदा प्रॅक्टिस करू का?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारा सीरियस असतो. नाही. ते आख्ख्या पुण्याचं प्यायचं पाणी आहे, आत उतरायला बंदी आहे, खाली गाळ आहे आणि हाताचं बोट दिसत नाही. शिवाय ३०० मीटरच्या वरचं पाणी म्हणजे उंचीवरचा डाइव्ह, त्याचं वेगळं गणित. पूलमध्ये जा. डोळे मिटून मास्क काढून परत घालणं, तरंगत एका हातानं फिन्स घालणं, आणि रेग्युलेटर तोंडात ठेवून शंभर मीटर पोहणं, ही तीन कामं न धडपडता जमायला लागली की बॅग भरायला घ्या.